सेन्सरचा पाण्याचा फवारा : शेजारची मांजरे आणि आमची परसबाग

परसात मांजर शिरले की पाण्याची छोटी पिचकारी मारून त्याला घालवणारा, सेन्सरवर चालणारा फवारा आम्ही फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मागवला आणि जूनच्या अखेरीपर्यंत नाशिकच्या इंदिरानगरमधील आमच्या रो-हाऊसच्या मागील परसात तो रोज वापरला. किंमत २,८५० रुपये पडली. अशा वस्तूंविषयी जे अभिप्राय वाचायला मिळतात ते बहुधा पेटी उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेले असतात, म्हणून जवळजवळ पाच महिन्यांचा अनुभव सविस्तर मांडत आहे. माझे मत आधीच सांगते. यंत्र काम करते आणि त्यामुळे मांजराला कसलीही इजा होत नाही. परंतु मऊ मातीचे वाफे तसेच उघडे ठेवून आणि शेजाऱ्यांशी एक शब्दही न बोलता कोणी केवळ हे यंत्र लावणार असेल, तर त्याचे पैसे वाया जातील.

आमचे परस पंधरा फूट लांब आणि बारा फूट रुंद आहे. त्यात मेथी-कोथिंबिरीचा एक वाफा, अळू आणि पुदिन्याचा एक, आणि भिंतीलगत जास्वंद, मोगरा व गवती चहा आहे. शेजारच्या वहिनींकडे दोन मांजरे आहेत : एक पांढरी, निळ्या डोळ्यांची मांजरी आणि एक पिवळसर पट्ट्यांचा दांडगा बोका. दोन्ही घरांमधली भिंत जेमतेम चार फूट उंच असल्याने त्यांच्या दृष्टीने ती भिंतच नाही. आपली विष्ठा पुरून ठेवण्याची मांजराची उपजत सवय असल्याने त्याला कोरडी, भुसभुशीत, पंजाने सहज उकरता येईल अशी माती हवी असते, आणि खुरपून, गांडूळखत मिसळून, चाळून तयार केलेला बियाण्याचा वाफा म्हणजे नेमकी तीच माती. आपण जितकी चांगली मशागत करावी तितकी ती मांजराला आवडते. डिसेंबरमध्ये मी मेथी टाकली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर वाफ्यात चार खड्डे पडलेले होते, उगवू लागलेले पिवळे कोंब मुळांसकट वर आले होते आणि एका खड्ड्यावर नीट ओढून ठेवलेल्या मातीखाली घाण होती. एकदा एका जागी गेलेले मांजर वासाच्या खुणेने पुन्हा त्याच जागी येते, त्यामुळे जानेवारीच्या शेवटच्या पंधरा दिवसांपैकी बारा सकाळी मला हातमोजे घालून तेच काम करावे लागले.

हा केवळ स्वच्छतेचा किंवा चिडचिडीचा प्रश्न नव्हता. माझ्या सुनेला तेव्हा तिसरा महिना होता. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परोपजीवी जंतू मातीत येऊ शकतो आणि गरोदरपणात त्याची प्रथमच लागण झाली तर गर्भाला धोका संभवतो, हे तिच्या डॉक्टरांनी समजावून सांगितले होते. येथे मांजरांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे की प्रत्येक मांजर सदासर्वकाळ हा जंतू टाकत नसते. बहुतेक मांजरे आयुष्यात पहिल्यांदा लागण झाल्यानंतर एक ते तीन आठवडेच तो विष्ठेतून बाहेर टाकतात, आणि ताजी विष्ठा लगेच संसर्ग पसरवत नाही. जंतू संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणूनच विष्ठा रोजच्या रोज उचलणे महत्त्वाचे. एकदा मातीत मिसळल्यावर मात्र तो ओलसर जागी कित्येक महिने टिकून राहू शकतो. सुनेने परसातील मातीला हात लावायचा नाही, ते काम मी हातमोजे घालून करायचे आणि पालेभाजी तीन-चार पाण्यांनी धुऊन, शिजवूनच खायची, असे आम्ही ठरवून घेतले. तरी मूळ प्रश्न सोडवणे भागच होते.

यंत्र घेण्याआधी कोणी कोणी काय काय सुचवले ते सांगणे आवश्यक आहे, कारण त्यातले बरेच काही घातक आहे. बाजारातील एका दुकानदाराने वाफ्याभोवती डांबराच्या गोळ्या टाकण्याचा सल्ला दिला. दुसऱ्या कोणी कडेने फिनेल ओतायला सांगितले, तिसऱ्याने तिखट भुरभुरायला. डांबराच्या गोळीतील नॅफ्थलीन मांजरासाठी विषारी असते, त्याने रक्तातील तांबड्या पेशी आणि यकृत दोन्हींना अपाय होतो. फिनेलसारख्या द्रवांतील फिनॉल वर्गातील द्रव्ये शरीराबाहेर टाकण्याची यकृताची क्षमता मांजरात फार कमी असते, आणि मांजर तर दिवसभर स्वतःचे पंजे चाटत असते, त्यामुळे जमिनीवर ओतलेले पंजाला लागते आणि पंजाचे पोटात जाते. तिखटाचेही तसेच, ते पंजाला लागून डोळ्यांत जाते आणि त्या जिवाला काय झाले हे सांगताही येत नाही. ज्या वाफ्यातील कोथिंबीर आपण आमटीवर घालणार, त्याच मातीत या वस्तू टाकण्याचा सल्ला कोणी इतक्या सहजतेने कसा देऊ शकतो, याचे मला आजही वाईट वाटते. लाल पाण्याच्या बाटल्या निरुपद्रवी खऱ्या. आमच्या गल्लीत निम्म्या फाटकांसमोर त्या उभ्या आहेत. मीही कुंकू कालवून दोन ठेवल्या. चौथ्या दिवशी दुपारी पांढरी मांजरी त्यांपैकी एका बाटलीला टेकून झोपलेली होती.

कायदाही माहीत असावा. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० पासून लागू आहे आणि त्याच्या कलम ११ नुसार प्राण्याला मारहाण करणे, हेतुपुरस्सर अपायकारक द्रव्य देणे, तसेच जिथे त्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हे सारे गुन्हे आहेत. त्यातील दंड पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये इतका जुना आणि तुटपुंजा राहिला आहे, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार कोणत्याही प्राण्याला ठार मारणे, विष देणे किंवा विकलांग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जुन्या दंड संहितेतील प्राण्याच्या किमतीची अटही आता उरलेली नाही. पोत्यात घालून मांजर लांब नेऊन सोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती पुष्कळांना दयेचीच वाटते. प्रत्यक्षात अनोळखी भागात ते मांजर उपाशी राहते, तिथल्या बोक्यांकडून आणि कुत्र्यांकडून मार खाते, आणि ते दुसऱ्याचे पाळलेले असेल तर मालकाच्या संमतीवाचून उचलून नेणे ही चोरीही ठरू शकते. आपल्या हद्दीत ते येऊ नये यासाठी त्याला न दुखवता अडथळा करण्याची मात्र आपल्याला पूर्ण मोकळीक आहे, आणि हे यंत्र त्या मर्यादेत बसते.

फवाऱ्याआधी संक्रांतीच्या सुमारास आम्ही १,४०० रुपयांचे, मांजरांना नकोसा वाटणारा, अतिउच्च कंपनांचा आवाज काढणारे उपकरण आणले होते. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला त्याच्या तिपटीहून अधिक कंपनांचा. त्यामुळे आपल्याला न ऐकू येणारा आवाज त्यांना त्रासदायक ठरेल, अशी त्यामागची कल्पना. बोका दोन-तीन दिवस बिचकला आणि नंतर येऊ लागला. पांढरी मांजरी पहिल्या दिवसापासून त्या उपकरणासमोर, त्याचा लाल दिवा लुकलुकत असताना, निवांत उकरत बसायची. मला वाटले, उपकरण बिघडले. मग संक्रांतीला आलेली माझी नऊ वर्षांची नात परसात जाताच कानांवर हात ठेवून म्हणाली, “आजी, हे काय किंचाळतंय?” आम्हा मोठ्यांपैकी कोणालाही काही ऐकू येत नव्हते. उपकरणाचा आवाज मुलांच्या कानांच्या टप्प्यात येत होता, हे त्यावरून उघड झाले आणि मी ते त्याच क्षणी बंद केले. पुढे वहिनींशी बोलताना कळले की पांढऱ्या मांजरीला जन्मापासून ऐकूच येत नाही. पांढऱ्या रंगाच्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांमध्ये जन्मजात बहिरेपणाचे प्रमाण बरेच असते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. ज्या प्राण्याला आवाजच ऐकू येत नाही त्याला आवाजाने घालवण्यासाठी मी सेल जाळत होते. या प्रकारच्या उपकरणाला माझी शिफारस नाही, आणि जवळपास लहान मुले असतील तर नाहीच नाही.

आता मुख्य यंत्राकडे येते. पेटीत जमिनीत रोवायची एक खुंटी, तिच्यावर बसणारे सेन्सरचे डोके, वर फिरता फवारा आणि नळी जोडण्याचा तुकडा असतो. चार पेन्सिल सेल लागतात. मागच्या बाजूला संवेदनशीलता कमी-जास्त करण्याची चकती आहे आणि केवळ रात्री, केवळ दिवसा किंवा चोवीस तास असा वेळ निवडता येतो. बांधणी ठीक आहे, प्लास्टिक जाड आहे. पण नळीचा जोड आपल्याकडच्या अर्ध्या इंची पाइपला नीट बसत नाही; तो सारखा निसटत होता. रविवार कारंज्यावरील हार्डवेअरच्या दुकानातून पितळी निपल, दोन क्लॅम्प आणि रबरी वॉशर आणून तो जोड पक्का करावा लागला. माहितीपत्रकात याचा उल्लेख हवा होता.

त्याहून मोठी अडचण दाबाची. पेटीवर किमान २ बार दाब हवा असे लिहिले आहे. आपल्याकडे महापालिकेचे पाणी ठरावीक वेळी येते, बाकी सारा वेळ घराच्या गच्चीवरील टाकीवर भागवावे लागते, आणि दहा मीटर उंचीच्या पाण्यामागे सुमारे एक बार दाब मिळतो. आमची टाकी परसाच्या जमिनीपासून जेमतेम सात मीटर उंच आहे, म्हणजे दाब पाऊण बारही नाही. पेटीवरच्या चित्रात फवारा अख्ख्या बागेवर पडताना दिसतो. आमच्याकडे तो सहा फुटांच्या पुढे जात नव्हता. पहिल्या रात्री बोका सात-आठ फुटांवर बसून तो फवारा पाहत राहिला. यावर उपाय एकच : यंत्र बागेच्या मध्यभागी न ठेवता ज्या वाफ्याचे रक्षण करायचे त्याच्या अगदी काठाशी रोवायचे आणि फवाऱ्याचा कोन अरुंद ठेवायचा. ज्यांच्याकडे प्रेशर पंप आहे त्यांना हा त्रास होणार नाही. रो-हाऊस आणि बंगल्यांत राहणाऱ्या, टाकीवर अवलंबून असणाऱ्या नाशिककरांनी मात्र एका यंत्राने फार तर एक मोठा वाफा राखला जाईल असेच धरून चालावे.

जागा बदलल्यानंतरची दुसरी पहाट मला नीट आठवते. पावणेसहाच्या सुमारास मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होते. बोका भिंतीवरून उतरला, वाफ्याच्या कडेला आला, माती हुंगून त्याने उजवा पंजा पुढे टाकला आणि त्याच क्षणी खट् असा आवाज होऊन पाण्याची धार त्याच्या छातीवर आली. तो जागच्या जागी हातभर उडाला, एका झेपेत भिंतीवर गेला आणि तिथे बसून बराच वेळ अंग चाटत राहिला. अंग भिजले होते, एवढेच. न लंगडला, न ओरडला, आणि तासाभराने वहिनींच्या ओट्यावर नेहमीसारखा दूध पीत होता. मांजरी ऐकू शकत नसली तरी पाणी तिलाही कळते, त्यामुळे तिलाही दोन-तीन वेळांत उमगले. मला या यंत्राबद्दल सर्वांत जास्त समाधान याच गोष्टीचे आहे की त्या दोन्ही जिवांना आमच्या माणसांची भीती बसली नाही. आमच्या वाफ्यापाशी जाणे तेवढे त्यांनी टाळायला सुरुवात केली.

एक धोका मात्र कोणीही लिहिलेला नाही आणि तो उन्हाळ्यात गंभीर आहे. फवाऱ्याला जोडलेली नळी सतत भरलेली राहते. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात पडलेल्या काळ्या पाइपमधील पाणी किती तापते हे मला एके दुपारी झारी भरताना कळले. हात मागे घ्यावा लागला. तसे पाणी मांजरीच्या अंगावर उडाले असते तर आपण जो उपाय इजा न करणारा म्हणून निवडला त्यानेच तिला भाजले असते. त्या दिवशीच मी पाइप भिंतीच्या सावलीतून फिरवून घेतला, उघड्या भागावर ओले गोणपाट टाकले आणि एप्रिल-मे महिन्यांत यंत्र केवळ रात्रीच्या वेळेवर ठेवले. हे यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट पहिल्या दिवशीच करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उन्हाळ्यात दुपारी यंत्र बंद ठेवल्याने फारसे बिघडतही नाही. हा सेन्सर हलत्या उष्णतेवर चालतो, म्हणजे पार्श्वभूमीपेक्षा वेगळ्या तापमानाचे काही त्याच्यासमोरून सरकले की त्याला कळते. मांजराच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, आणि अंगणातील जमीन-भिंती जवळपास तेवढ्याच तापलेल्या असताना सेन्सरला फरक कळेनासा होतो. उलट वाऱ्याने हलणारी, उन्हाने तापलेली अळूची पाने त्याला फसवतात. चकती पूर्ण चढवली होती त्या आठवड्यात पानांमुळेच दिवसभर पाणी उडत होते. चकती मध्यावर आणि डोके जमिनीपासून एक फुटावर ठेवल्यावर बहुतेक खोटे इशारे थांबले. माणूस आणि मांजर यांतला फरक यंत्राला कळत नाही, हे गृहीत धरायला हवे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींच्या अंगावर भल्या सकाळी थंड पाणी उडाले तेव्हा मला फार वाईट वाटले. त्यानंतर पहाटे सहाला यंत्र बंद करण्याची जबाबदारी यजमानांनी घेतली. परसातून नेहमीची ये-जा असेल तर वेळ निवडण्याची सोय नसलेले स्वस्त यंत्र मुळीच घेऊ नये.

पाण्याच्या नासाडीची शंका अनेकांना येईल आणि ती रास्त आहे. मी दहा फवारे बादलीत धरून पाहिले, सुमारे अडीच लिटर पाणी भरले. पहिल्या आठवड्यात रात्री पाच-सहा वेळा फवारा उडायचा, म्हणजे दीड लिटरच्या आत. मार्चअखेर दोन-तीन रात्रींतून एकदा. ते पाणी वाफ्यातच पडत असल्याने वायाही जात नाही. खरी नासाडी जोडातून गळणाऱ्या थेंबांची होते, म्हणून वॉशर तपासत राहावा.

आता ज्यावाचून हे यंत्र अपुरे आहे त्याविषयी. भिजलेल्या बोक्याने तो वाफा सोडला आणि चौथ्या दिवशी मोगऱ्याच्या आळ्यात घाण केली, जिथे फवारा पोहोचत नव्हता. म्हणजे यंत्र जागा बदलायला लावते, गरज संपवत नाही. तेव्हा आम्ही जमिनीकडे लक्ष दिले. पालेभाजीच्या वाफ्यावर एक इंची छिद्रांची कोंबडीजाळी पसरली, तिच्या कडा आत दुमडून मातीत दाबल्या, कारण कापलेल्या तारेची टोके उघडी राहिली तर मांजराचे पंजेही फाटतात आणि आपले हातही. मेथी-कोथिंबीर छिद्रांतून छान वर येते. अडचण काढणीच्या वेळी येते. मेथी उपटायला गेले की जाळीसकट वर येते. आता मी ती मुळापाशी कात्रीने कापून घेते. खर्च तीनशे रुपयांच्या आत आणि परिणाम फवाऱ्याइतकाच, कदाचित त्याहून टिकाऊ. आधी जाळी टाकली असती तर एवढे महाग यंत्र घेतले असते का, असे कोणी विचारले तर एका वाफ्यापुरते उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल.

फुलझाडांच्या आळ्यांसाठी माझ्या भावाकडून आणलेल्या काड्या उपयोगी पडल्या. त्याची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे आणि एप्रिलमधील खरड छाटणीनंतर बांधावर काड्यांचे ढीग पडलेले असतात. बोटभर जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या आळ्यात आडव्या-उभ्या टाकल्या की मांजराला उकरायला आणि बसायला सपाट मऊ जागा उरत नाही. त्या टोचत नाहीत, हळूहळू कुजतात आणि आच्छादनाचेही काम करतात. द्राक्षावर औषधांच्या फवारण्या होतात म्हणून त्या मी पालेभाजीच्या वाफ्यावर टाकल्या नाहीत, केवळ मोगरा आणि जास्वंदीच्या बुडाशी टाकल्या. संत्र्याच्या सालींचा उपाय पुष्कळ जण सांगतात. आपल्या कोरड्या उन्हात साली एका दिवसात वाळतात आणि वास उडून जातो.

जुनी घाण झालेली वरची चार बोटे माती मी खरवडून काढली, पिशवीत बांधून घंटागाडीत दिली आणि त्या जागी नवी माती भरली. ही पायरी गाळू नये. वासाची खूण राहिली तर मांजर पाणी सोसूनही परत येते. फरशीवर लघवी केली असेल तर अमोनिया असलेले सफाईचे द्रव वापरू नयेत, कारण मूत्राच्या वासाशी तो वास जुळतो आणि मांजराला ती आपलीच जागा वाटते. साधा साबण आणि भरपूर पाणी अधिक बरे.

आणि शेजाऱ्यांशी बोलणे. हे मी सर्वांत शेवटी केले आणि ते सर्वांत आधी करायला हवे होते. महिनाभर मनात राग साठवून झाल्यावर एका संध्याकाळी मी वहिनींकडे गेले. भांडायला नव्हे, फवारा लावल्याचे सांगायला, कारण आपले मांजर भिजून घरी येते आणि कारण कळत नाही, हे कोणत्याही पाळणाऱ्याला खटकेल. मी म्हटले, “वहिनी, सुनेला दिवस गेलेत, म्हणून हे करावं लागलं. नुसतं पाणी आहे, तुम्ही स्वतः येऊन बघा.” त्या आल्या, त्यांनी स्वतःचा हात सेन्सरसमोरून फिरवून फवारा अंगावर घेतला आणि म्हणाल्या, “अहो, मला वाटायचं ती दोघं मागच्या मोकळ्या प्लॉटवर जातात. तुम्ही आधीच का नाही बोललात?” त्या प्लॉटवर नोव्हेंबरपासून बांधकाम सुरू झाले होते आणि सगळीकडे खडी पसरली होती. दोन्ही मांजरांची जागा गेली होती, म्हणून ती आमच्याकडे येऊ लागली होती, हे त्या दिवशी आम्हा दोघींच्याही लक्षात आले.

त्यानंतर वहिनींनी त्यांच्या परसाच्या कोपऱ्यात चार विटा लावून तीन फूट चौरसाची, वीतभर खोल वाळूची जागा केली. वाळू चाळून बारीक घेतली आणि आमच्या वाफ्यातील थोडी माती सुरुवातीला तिच्यात मिसळली, जेणेकरून ओळखीचा वास येईल. दोन मांजरे असतील तर तीन जागा असाव्यात असा सर्वसाधारण दंडक आहे, म्हणून घरात त्यांनी दोन ट्रेही ठेवले. त्या रोज सकाळी वाळू साफ करतात. जागा घाण राहिली तर मांजर तिथे जात नाही आणि पुन्हा आपल्या वाफ्याकडे वळते. बोका खच्ची केलेला नव्हता. असे बोके हद्द आखण्यासाठी जागोजागी मूत्राच्या चिळकांड्या उडवतात आणि दूरवर भटकतात. शस्त्रक्रियेनंतर हे बहुतेक बोक्यांमध्ये पुष्कळ कमी होते. वहिनींनी मार्चमध्ये पशुवैद्यांकडून त्याची शस्त्रक्रिया करून घेतली, आणि आमच्या मागील दारावरचा तो उग्र दर्प दीड-दोन महिन्यांत नाहीसा झाला. त्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी मी दाखवली होती. त्यांनी ती नाकारली, पण आमच्यातला अवघडलेपणा त्या बोलण्याने गेला.

वहीत मांडलेली नोंद अशी आहे. जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यात बारा सकाळी घाण सापडली. मार्चच्या पूर्ण महिन्यात पाच वेळा, एप्रिलमध्ये तीन वेळा आणि त्यांपैकी दोनदा रात्री टाकी रिकामी झाल्याने फवारा उडालाच नव्हता. मे महिन्यात एकदा. जूनमध्ये एकदाही नाही. यातले किती श्रेय फवाऱ्याचे, किती जाळीचे आणि किती वहिनींच्या वाळूचे, हे वेगळे करून सांगता येणार नाही. माझा अंदाज असा की फवाऱ्याने पहिल्या सहा आठवड्यांत सवय मोडली आणि पुढचे काम वाळूने केले. म्हणून यंत्राला पाचपैकी साडेतीन गुण देते. अर्धा गुण जोडासाठी कापला, आणि एक पूर्ण गुण दाबाबद्दल पेटीवर अवास्तव चित्र छापल्याबद्दल.

सेलविषयी एक सूचना : साधे सेल सात आठवडे टिकले, अल्कलाइन सेल मार्चअखेर घातले ते अजून चालू आहेत. नळीला गच्च क्लॅम्प असला तरी रात्री झोपण्यापूर्वी जोडाला हात लावून ओल तपासावी. पावसाळ्यात माती ओली आणि जड राहते, तिथे मांजर उकरायला फारसे जात नाही, त्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी यंत्र काढले, नळीतील पाणी निथळवले, सेल बाहेर काढून ठेवले आणि सेन्सरची काच मऊ फडक्याने पुसली. पावसाने उघडीप दिली आणि मेथीसाठी वाफा पुन्हा खुरपला की ते त्याच जागी रोवायचे आहे, आणि वाळूच्या कोपऱ्यावर पावसाचे पाणी साचू नये म्हणून वहिनींना पत्र्याचा एक तुकडा द्यायचा आहे. भिजून घट्ट झालेल्या वाळूत मांजरे जात नाहीत, हे मागच्या आठवड्यात दिसले.